घरखर्चाच्या तीन वह्या

(हर्नडन, व्हर्जिनिया येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



 अशा प्रसंगी वक्त्याने धम्मावर, राज्यघटनेवर किंवा चळवळीच्या भवितव्यावर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज घरखर्चावर बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे प्रथमतः अर्थशास्त्रज्ञ होते, आणि कुटुंबाची खर्चाची वही हे अर्थशास्त्राचे पहिले पान आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे विषयाचे महत्त्व पटेल.

आपण ज्या गावात आज जमलो आहोत, त्या हर्नडनच्या नावातच पैशाची एक गोष्ट दडलेली आहे. कॅप्टन विल्यम लुईस हर्नडन यांचे ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज १८५७ च्या सप्टेंबरमध्ये वादळात बुडाले. कॅलिफोर्नियाचे टनावारी सोने त्या जहाजावर होते. स्त्रिया व मुलांना दुसऱ्या जहाजावर पोहोचवून कॅप्टन स्वतः आपल्या जहाजाबरोबर गेले. सोने बुडाल्याने त्या वर्षीच्या आर्थिक मंदीत भर पडली. परंतु गावाने नाव घेतले ते सोन्याचे नव्हे, माणसे वाचविणाऱ्याचे. योगायोग असा की त्याच १८५७ साली एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. उत्पन्न वाढत जाते तसा हा वाटा घटत जातो. या नियमाच्या आधाराने आपल्या तीन पिढ्यांची कहाणी सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

वहीच्या आधीचा काळ

आमच्या घरात जमाखर्चाच्या तीन वह्या आहेत. पहिली वडिलांची, दुसरी आम्ही उभयतांनी अमेरिकेत आल्यावर सुरू केलेली, आणि तिसरी हर्नडनच्या घरातली. परंतु पहिल्या वहीच्या आधीही आमचे कुटुंब होतेच. त्या काळची वही नाही. कारण लिहिणारा नव्हता, आणि लिहिण्यासारखा खर्चही नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी पणजोबांच्या वाट्याला वतनाची कामे होती. गावकीची राबणूक, सरकारी कामगारांचे ओझे वाहणे, सांगावा पोहोचविणे हे सारे करावे आणि मोबदल्यात बलुते, म्हणजे खळ्यावरचे ओंजळभर धान्य व दारोदार मागून आणलेली शिळी भाकरी घ्यावी. जेथे मजुरी रोखीने मिळतच नाही, तेथे काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये, हा निर्णयच माणसाच्या हाती राहात नाही. तो काय खाईल हे दुसऱ्याच्या घरातील उरलेसुरले ठरविते.

म्हणूनच १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टी भाकरी सोडा असे जे सांगितले, त्याचा एक आर्थिक अर्थही आहे. फुकटचे नाकारणाऱ्या माणसाला ते विकत घ्यावे लागते. स्वाभिमानाची पहिली किंमत आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून मोजली. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतने नष्ट होण्यासाठी १९५८ च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. बलुत्याकडून रोख मजुरीकडे आणि रोख मजुरीकडून पगाराकडे झालेला हा प्रवास आपल्या घरखर्चाच्या इतिहासाची पहिली पायरी होय. आपल्या समाजात ‘खर्च करणे’ ही चैन म्हणून सुरू झाली नाही. ती गुलामगिरीतून बाहेर पडण्याची खूण होती.

गिरणीतील मजुराची वही

आजोबा गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आले. त्यांनाही वही नव्हती; परंतु त्यांच्यासारख्या मजुरांची वही त्या वेळच्या सरकारने लिहून ठेवली आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ साली शहरातील मजूर कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि तिचा अहवाल फिंडले शिरास यांनी १९२३ साली प्रसिद्ध केला. कुटुंबाचे सरासरी उत्पन्न महिना सुमारे ५२ रुपये. त्याच्या खर्चातील शंभर रुपयांपैकी ५६.८ अन्नावर, ७.४ जळण व दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यांवर, ७.७ घरभाड्यावर आणि उरलेले १८.५ इतर गोष्टींवर जात. निम्म्याहून अधिक मिळकत पोटात गेली तरी पोट भरत होते काय? त्याच अहवालाने काढलेला निष्कर्ष असा, की मजूर जे धान्य खातो ते दुष्काळ-संहितेने ठरविलेल्या मर्यादेइतके असले, तरी तुरुंगाच्या नियमांत कैद्याला ठरवून दिलेल्या आहारापेक्षा कमीच होते. मुंबईचे वैभव ज्या हातांनी विणले, त्यांच्या ताटात कैद्याच्या ताटाहून कमी अन्न होते, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.

त्यातही आपल्या माणसांची स्थिती अधिक हलाखीची. अस्पृश्य कामगारांना कापड विणण्याच्या खात्यात प्रवेश नव्हता. धाग्याला तोंड लावावे लागते म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. अधिक मजुरीचे काम बंद, म्हणजे मिळकतीची बाजू जातीनेच आखून दिलेली. अडचणीला सावकार होताच. रुपयाला महिना एक आणा व्याज ही त्या काळची सर्वपरिचित बोली. वरवर हा दर लहान दिसतो. वर्षाचा हिशेब केला तर तो शेकडा ७५ होतो.

पहिली वही

आमच्या वडिलांची वही १९५२ सालापासून सुरू होते. डिलाईल रोडच्या बी. डी. डी. चाळीतील एका खोलीत आम्ही आठ माणसे राहात होतो. खोली दहा बाय सोळा फुटांची. रात्री दिवा मालविण्याआधी वडील लाल कापडी बांधणीची वही उघडीत आणि आईला विचारून विचारून लिहीत. तांदूळ, नाचणी, गूळ, चहापूड, सुकट, रॉकेल, भाडे, भिशी, ‘गावी मनीऑर्डर’. आई अक्षरशत्रू होती. पण दीड आण्याची तूट तिच्या नजरेतून कधी सुटली नाही.

या वहीत १९५६ च्या डिसेंबरात एक बदल स्पष्ट दिसतो. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेच्या साक्षीने भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जनसमुदायाला जी दीक्षा दिली, ती घेणाऱ्यांत आमचे वडील होते. त्या आधीच्या पानांवर ‘देवीचा नवस’, ‘कोंबडा’, ‘म्हाळ’ अशा नोंदी अधूनमधून येतात. कधी कधी त्यांच्यापुढे ‘उसने’ असा शब्दही असतो. बावीस प्रतिज्ञांनंतर या नोंदी थांबल्या. वडील विडीवर आणि सणासुदीला दारूवर जे खर्चीत तेही थांबले. १९५७ च्या पानांवर त्यांच्या जागी दोन नवीन नोंदी दिसू लागतात: ‘विहार वर्गणी’ आणि ‘फी व पुस्तके’.

धर्मांतराने आपल्याला काय दिले, याची चर्चा विद्वान मंडळी करीत असतात. आम्ही त्यांना आमच्या वडिलांची वही दाखवू इच्छितो. उत्पन्न तेच, खोली तीच, खाणारी तोंडे तितकीच. तरीही नवसाचा पैसा शाळेकडे वळला. अन्नाचा वाटा कमी होण्याइतकी श्रीमंती आलेली नव्हती. येथे एंगेलचा नियम आमच्या वडिलांपुढे हरला, असे आम्ही अभिमानाने म्हणतो.

याची प्रेरणा कोठून आली, हे वेगळे सांगावयास नको. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले तेव्हा बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड होती. त्यातून स्वतःचा खर्च भागवायचा, रमाईंना घरी पाठवायचे आणि पुस्तकेही घ्यायची. पोटाला चिमटा घेऊन या विद्यार्थ्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमविले, हे आपण सर्व जाणतो. पोटाचा वाटा कमी होण्यासाठी श्रीमंत होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

आणखी एका लेखाचे स्मरण येथे करून द्यावेसे वाटते. १९१८ साली बाबासाहेबांनी बर्ट्रांड रसेल यांच्या सामाजिक पुनर्रचनेवरील ग्रंथाचे परीक्षण लिहिले. पैशाचा मोह माणसाचा नाश करतो, या सरसकट मताशी ते सहमत झाले नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की पैशाची ओढ ही नेहमी कशासाठी तरी असते, आणि त्या ओढीला प्रतिष्ठा द्यावयाची की तिची लाज बाळगावयाची, हे त्या ‘कशासाठी’ वरून ठरते. दारिद्र्याचे कौतुक बाबासाहेबांनी कधीही केले नाही. म्हणून आजच्या भाषणात आम्ही कोणाच्या मोठ्या घराला किंवा नव्या गाडीला नावे ठेवणार नाही. आम्ही फक्त तोच प्रश्न विचारणार आहोत: कशासाठी?

दुसरी वही

आम्ही उभयता १९७४ साली या देशात आलो. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने दार उघडले होते, आणि वडिलांच्या वहीतील ‘फी व पुस्तके’ या नोंदीने त्या दारापर्यंत पोहोचविले होते. मेरीलँडमधील एका लहान अपार्टमेंटमध्ये संसार मांडला. डॉलर तेव्हा सुमारे आठ रुपयांना होता. त्या काळी आम्ही प्रत्येक वस्तूची किंमत मनात रुपयांत करून पाहात असू आणि वस्तू पुन्हा फळीवर ठेवून देत असू. येथे जमलेल्या ज्येष्ठांच्या चेहऱ्यांवरचे हसू पाहून वाटते, हा अनुभव आमच्या एकट्याचा नाही.

त्या वहीच्या पहिल्या पानावर पाच रकाने आहेत: भाडे, खाणे, प्रवास, शिल्लक आणि ‘भारत’. ‘भारत’ या रकान्यात पगाराचा पाचवा हिस्सा जात असे. बँकेचा ड्राफ्ट काढून तो नोंदणीकृत पत्रातून पाठवायचा आणि पोहोच येईपर्यंत तीन आठवडे वाट पाहायची. धाकट्या भावाचे कॉलेज, बहिणीचे लग्न, गावच्या घरावरची कौले आणि विहाराची भिंत या रकान्यातून झाली. फोन हा चैनीचा विषय होता. ट्रंककॉल लावायचा तो मृत्यूची किंवा जन्माची वार्ता असेल तरच.

एंगेलच्या नियमाचा प्रत्यय मात्र येथे पूर्णपणे आला. या देशाच्या कामगार सांख्यिकी विभागाने शंभर वर्षांच्या घरखर्चाची माहिती संकलित केली आहे. १९०१ साली अमेरिकन कुटुंबाच्या खर्चातील ४२.५ टक्के अन्नावर, १४ टक्के कपड्यांवर आणि २३.३ टक्के घरावर जात. २००२-०३ साली अन्नाचा वाटा १३.१ टक्क्यांवर आणि कपड्यांचा ४.२ टक्क्यांवर उतरला. घराचा वाटा मात्र ३२.८ टक्क्यांपर्यंत चढला. म्हणजे पोट व अंग झाकून जे वाचले, त्यातील मोठा भाग छपराने घेतला. २०२३ सालचे आकडे पाहिले तर सरासरी कुटुंबाच्या ७७,२८० डॉलरच्या वार्षिक खर्चापैकी जवळपास ३३ टक्के घरावर, १७ टक्के वाहन व प्रवासावर आणि १३ टक्के अन्नावर गेले. घर आणि गाडी मिळून निम्मा खर्च! आणि वाचनावर? वर्षाकाठी सव्वाशे डॉलरहूनही कमी. वर्तमानपत्रे, मासिके, पुस्तके सारी त्यात आली. साडेअकरा पौंडांत पुस्तके घेणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण वारस. आपल्या घरातील हा आकडा किती आहे, हे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे.

तिसरी वही

१९८७ साली आम्ही हर्नडनमध्ये घर घेतले. एके काळी हे दुधाचे गाव होते. फेअरफॅक्स कौंटीतील गोठ्यांचे दूध येथून रेल्वेने वॉशिंग्टनला जाई. १९५१ साली प्रवासी गाड्या बंद झाल्या, १९६८ साली मालगाड्याही थांबल्या, आणि रुळांच्या जागी आज आपण सायंकाळी जेथे फिरावयास जातो ती पायवाट झाली. १९६२ साली डलेस विमानतळ सुरू झाला, १९८४ साली टोल रस्ता आला, आणि मागोमाग कचेऱ्या व संगणक कंपन्या आल्या. १९६० साली दोन हजारांच्या आत असलेली गावाची वस्ती २०२० साली साडेचोवीस हजारांवर गेली. १९९० च्या कायद्याने आलेल्या एच-१बी व्हिसावर आपले अनेक तरुण याच परिसरात आले. २०२२ च्या नोव्हेंबरात सिल्व्हर लाइन येथपर्यंत पोहोचली, तेव्हा एकाहत्तर वर्षांनी गावाला पुन्हा प्रवासी गाडी मिळाली. मधली सर्व वर्षे गाडीवाचून येथे जगणेच शक्य नव्हते. तेव्हा खर्चाचे रकाने काही केवळ आपल्या हौसेने वाढत नाहीत. गावाची रचनाच ते वाढविते, हेही मान्य केले पाहिजे.

तिसऱ्या वहीत रकाने पाचांचे एकोणीस झाले. घराचा हप्ता, मालमत्ता कर, दोन गाड्या, विमा, पाळणाघर, दातांच्या तारा, पियानो, पोहण्याची शिकवणी. त्यांपैकी एकही रकाना अनाठायी होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या गर्दीत ‘भारत’ हा रकाना आधी पाचव्या स्थानावरून चौदाव्या स्थानावर गेला, नंतर दर महिन्याचा होता तो सणावारी झाला, आणि एका वर्षी त्याचे नाव ‘भेटवस्तू’ असे झाले.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याविषयी आम्हा उभयतांत बरीच चर्चा झाली. सांगावी असे शेवटी पत्नीनेच सुचविले.

घर घेतले त्याच वर्षी जुलै महिन्यात थोरल्या भावाचे पत्र आले. ‘सप्रेम जयभीम’ या मायन्याखाली दादांनी लिहिले होते की मुलगी बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे, पुण्यास राहून पुढे शिकण्याची तिची फार इच्छा आहे. शिष्यवृत्तीचे पैसे हाती यावयास वर्ष जाते, तोवर वसतिगृह व खानावळीचे पाहता येईल काय? पत्राच्या तळाशी मुलीने स्वतःच्या अक्षरात दोन ओळी जोडल्या होत्या: ‘काका, मी पुढे परत करीन.’

आम्ही उत्तर लिहिले. घराचा पहिला हप्ता नुकताच भरला आहे, हात आखडला आहे, पुढच्या वर्षी अवश्य पाहू, असे त्यात होते. ते खोटे नव्हते. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली. आम्ही तिला साडीसाठी पैसे पाठविले.

काही वर्षांपूर्वी आम्ही जुन्या वह्या चाळीत होतो. १९८७ च्या ऑगस्टचे पान उघडले. त्यावर एक नोंद आहे: ‘बैठकीच्या खोलीचे पडदे’. रक्कम पाहिली आणि आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. दादांनी मागितलेल्या वर्षभराच्या खर्चाहून ती जास्त होती.

हात आखडलेला नव्हता, बंधू-भगिनींनो. हिशेब करताना आम्ही रकाने वेगळ्या क्रमाने लावले होते, इतकेच. आमच्या वडिलांनी खोलीत आठ माणसे असताना ‘फी व पुस्तके’ हा रकाना भाड्याच्या खालोखाल ठेवला होता. आम्ही चार खोल्यांच्या घरात तो पडद्यांच्या खाली ठेवला. पुतणी आज स्वतः आजी झाली आहे. ती आजही फोनवर तितक्याच मायेने ‘काका, जेवलात का?’ असे विचारते. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणूनच ही गोष्ट आम्ही येथे सांगितली पाहिजे असे वाटले.

मायदेशातील वह्याही बदलल्या

कोणी म्हणेल, आता तिकडे पूर्वीची स्थिती राहिलेली नाही. आपल्या पैशाची तेथे गरज काय? ही शंका रास्त आहे. भारत सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९७२-७३ साली ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील ७२.९ टक्के वाटा अन्नाचा होता. महाराष्ट्राने भीषण दुष्काळ सोसला तो हाच काळ. १९९९-२००० साली हा वाटा ५९.४ टक्के, २०११-१२ साली ५२.९ टक्के, आणि २०२२-२३ साली ४६.४ टक्के झाला. शहरांत तो ३९.२ टक्क्यांवर आला आहे. नुसत्या तृणधान्यांचा ग्रामीण वाटा १९९९-२००० साली २२ टक्क्यांहून अधिक होता, तो २०२२-२३ मध्ये ५ टक्क्यांच्या आत आला. भाकरीची चिंता कमी झाली, ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु वाचलेला पैसा तेथेही प्रवासाकडे, औषधोपचाराकडे, मोटारसायकल-मोबाईलकडे आणि तयार खाद्यपदार्थांकडे वळला आहे. २०२२-२३ च्या पाहणीत पेये व तयार खाद्यपदार्थांचा ग्रामीण वाटा ९.६ टक्के आहे, तर शिक्षणाचा ३.३ टक्के. शिवाय सरासरीचा आकडा ज्याच्या घरात जमीन नाही, ज्याची नोकरी कंत्राटी आहे, त्याची कथा सांगत नाही. आज खेड्यातील आपली मुलगी उपाशी आहे म्हणून शिक्षण सोडीत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणची खोली, खानावळ, एसटीचा पास आणि वेळेवर न आलेली शिष्यवृत्ती या चार गोष्टींपायी ती शिक्षण सोडते. नेमकी हीच फट आपल्यासारख्यांना भरून काढता येते. १९७४ साली आठ रुपयांना असलेला डॉलर आज ऐंशी रुपयांच्या पुढे गेला आहे. ‘रुपयाचा प्रश्न’ या १९२३ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी रुपयाच्या अंतर्गत क्रयशक्तीच्या स्थैर्याचा आग्रह धरला, कारण महागाईत मजूर सर्वांत आधी भरडला जातो. विनिमयाच्या ज्या घसरणीने तेथील आपल्या माणसाचे आयात औषध व इंधन महाग केले, त्याच घसरणीने येथील आपला डॉलर तेथे वजनदार केला. हा लाभ आपल्या कर्तृत्वाचा नाही, हे विसरून चालणार नाही.

काय करावे?

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगात गुंतविण्यासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवण्यासाठी. अडीच हजार वर्षांपूर्वी गृहस्थाला हिशेब शिकविणारा हा धम्म आहे. यात दान कोठे आहे, असे कोणी विचारील. त्याच उपदेशात आई-वडील, गुरुजन, पत्नी व मुले, मित्र, सेवक आणि श्रमण या सहा दिशांप्रति असलेली कर्तव्ये सांगितली आहेत. मिळकत आहे ती या सहा दिशा सांभाळण्यासाठी. दुसऱ्या एका सुत्तात दीघजाणूला भगवंतांनी तराजू धरणाऱ्याप्रमाणे जमा व खर्च तोलून पाहण्यास सांगितले आहे. कंजूषपणा आणि उधळपट्टी दोन्ही त्या तराजूत बसत नाहीत.

बाबासाहेबांनी तर आकडाच सांगून ठेवला आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले. विसावा हिस्सा म्हणजे शंभरात पाच. श्रोत्यांमध्ये कोण होते? बहुसंख्य लोक अंगावरच्या शुभ्र वस्त्रापलीकडे काही नसलेले. त्यांना जे शक्य आहे असे बाबासाहेबांना वाटले, ते आपल्याला अशक्य कसे असेल?

या पार्श्वभूमीवर आम्ही चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, प्रत्येक कुटुंबाने गेल्या वर्षाचा खर्च एकदा कागदावर मांडावा. क्रेडिट कार्डाच्या व्याजाचा रकाना स्वतंत्र लिहावा. आजोबांच्या सावकाराच्या आण्याला आपण नावे ठेवतो. पण शेकडा वीसच्या वर गेलेले कार्डाचे व्याज आपण हसत भरतो.

दुसरी, विसावा हिस्सा महिन्याच्या पहिल्या तारखेला बाजूला काढावा. महिनाअखेर उरेल ते देऊ असे म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही. आमच्याकडे उरले नाही. त्यातील निदान निम्मा भाग शिक्षणासाठी असावा, आणि तो आपल्या नात्याबाहेरच्या मुलामुलींपर्यंतही पोहोचावा. उपकार म्हणून नव्हे, तर आपल्याला ज्यांनी शिकविले त्यांच्या कर्जाची परतफेड म्हणून. वास्तूही आपल्याला हव्यातच. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी येथून जवळच मेरीलँडमधील ॲकोकीक येथे बाबासाहेबांच्या एकोणीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांचे डोळे पाणावले. पण पुतळ्यातील बाबासाहेबांच्या नावाने एका मुलीची खानावळ चालू राहिली, तर ते स्मारक पूर्ण होईल.

तिसरी, विवाह, वाढदिवस व गृहप्रवेश या प्रसंगांकडे पुन्हा एकदा पाहावे. साधेपणा हे बौद्ध विवाहविधीचे भूषण होते. वडिलांच्या वहीतून गेलेला ‘नवस’ आमच्या वहीत सभागृह, सजावट आणि छायाचित्रकार यांच्या रूपाने परत येत असेल, तर आपण काय सोडले आणि काय धरले याचा विचार करावा लागेल.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. ही वही मुलांना दाखवा. आपण मुलांना अभ्यास, खेळ, संगीत सारे देतो; घरात पैसा कोठून येतो व कोठे जातो, हे मात्र त्यांच्यापासून लपवितो. गेल्या वर्षी आमच्या नातीने तीनही वह्या टेबलावर मांडल्या. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून पत्नीने तिला रकाने वाचून दाखविले. ‘फी व पुस्तके’ या नोंदीवर बोट ठेवून तिने विचारले, ‘आजी, ही कोणाची फी?’ पत्नी म्हणाली, ‘तुझ्या आजोबांची.’ पान उलटत उलटत ती १९८७ पर्यंत आली आणि तिने पुढचा प्रश्न विचारला, ‘मग आजोबांनी कोणाची भरली?’

धाकट्या भावाचे नाव आम्ही सांगू शकलो. त्याच्यानंतर बराच काळ सांगण्यासारखे नाव नव्हते. गेल्या जूनपासून तिसऱ्या वहीत, घराच्या हप्त्याच्या खाली दुसऱ्याच ओळीवर, ‘फी व पुस्तके’ हा रकाना आम्ही पुन्हा सुरू केला आहे. नाव पुतणीच्या नातीचे आहे. पुतणी आधी नको म्हणाली, मग म्हणाली, ‘काका, ती परत करील.’ आम्ही तिला सांगितले की परत आमच्याकडे करू नये. पुढच्या कोणाची तरी फी भरावी.

उशीर झाला आहे, हे आम्ही जाणतो. आपल्यापैकी ज्यांचे हप्ते अजून सुरू आहेत, ज्यांची मुले लहान आहेत, त्यांना तो होऊ नये एवढ्यासाठीच हा जमाखर्च आपल्यापुढे उघडा केला.